डावीकडचा ब्रेक

पाचूबंदरातून पोलीस ठाण्यात फोन आला तेव्हा फौजदार विनिता राऊत नुकतीच ड्यूटीवर येऊन टेकली होती. फोनवर कोळणींचा एकच कालवा. जेटीच्या रस्त्यावर नर्मदाबाईला गाडीने उडवलं, गाडीवाला पळाला, बाईला टेम्पोत घालून दवाखान्यात नेलंय, तुम्ही लवकर या. विनिता बंदरावर पोचतेय तोवर दुसरा निरोप आला. नर्मदाबाई वाटेतच गेली.

दोन हजार चार सालचा मार्च होता तो. सकाळीच ऊन डोळ्यांत घुसत होतं. अर्ध्या रस्त्यावर जवळा वाळत घातलेला. नखाएवढी कोलंबी ती, पण तिच्यावर बंदरातली कितीतरी घरं पावसाळा काढतात. म्हणून इथला झिंगलेला सायकलवालासुद्धा जवळ्याला वळसा घालून जातो. या गाडीची चाकं मात्र थराच्या मधोमध गेली होती, जेटीकडून गावाकडे, सरळ. शेवटी, नर्मदाबाई पडली त्या जागी, ब्रेकचे दोन आखूड काळे पट्टे होते.

विनिता वाकून बघत राहिली. पट्ट्यांच्या उजव्या अंगाला जवळा चांगलाच तुडवला गेला होता. पण तिथे नंतर बायकांची पावलं पडली होती आणि आता कुणाचं पाऊल कोणतं, हे देवच जाणे. एका फुटक्या लाइटाची काच तेवढी हाती लागली.

नर्मदाबाईची शेजारीण रस्त्याच्या कडेला बसली होती. रडून रडून तिचा आवाज गेला होता.

"आमी आलो तवा जिती होती ती," ती म्हणाली. "पानी मागत होती. गाडीवाल्यानं तवाच उचलली असती तर वाचली असती माझी नर्मदा."

विनिताने ते वाक्य लिहून घेतलं नाही. लिहायची गरजच नव्हती.

तेवढ्यात तिचा मोबाइल वाजला. पारनाक्यावर गरीब पोरांसाठी ट्रस्ट चालवणाऱ्या आशालताबाई बोलत होत्या. "विनिता, तू इकडे ये. गाडी आमचीच आहे. आमच्या बाबूच्या हातून झालंय. त्याने कबूल केलंय."

बाबूला विनिता चांगली ओळखत होती. बाबू याच बंदरातला, बापाविना वाढलेला. वर्षापूर्वी बोटीवरचं डिझेल चोरताना सापडला होता. कोठडीत टाकायचं सोडून विनिताने त्याला कानाला धरून आशालताबाईंकडे नेलं होतं. पोराला मार्गाला लावा, म्हणाली होती. आणि बाईंनी लावलंही होतं. एका मोठ्या कंपनीने ट्रस्टला शिकवणीची गाडी दिली होती. मच्छीमारांची, मिठागरातली, बिनबापाची पोरं बाई निवडायच्या, ट्रस्ट त्यांना गाडी शिकवायचा, आणि कंपनी त्यांना आपल्या एसी टॅक्सीवर घ्यायची. आजच सकाळी पहिल्या बॅचच्या बारा पोरांना नोकरीची पत्रं मिळायची होती. मुंबईहून मोठे साहेब यायचे होते.

ट्रस्टच्या फाटकावर हातभर उंचीचा बाबू हसत होता. म्हणजे फ्लेक्सवरचा. कोळ्याच्या पोराच्या हाती स्टिअरिंग, असं काहीसं वर लिहिलेलं. खरा बाबू आत पायरीवर अनवाणी बसला होता. अंगात बोटीवरचा मळका शर्ट, आणि कोपरापर्यंत दोन्ही हातांवर, पायांवर मासळीचे खवले चिकटून वाळलेले.

"कसं झालं?" विनिताने विचारलं.

"गाडी घेतली. बंदरावर चक्कर मारली. येताना ऊन डोळ्यावर आलं. मावशी दिसली नाय."

"गाडीत आणखी कोण होतं?"

"कोन नाय. मी एकलाच."

"बोटीवर कधी गेला होतास?"

बाबू गडबडला. मग म्हणाला की बोटीवर आधी गेला होता. नोकरी उद्यापासून, पण पोट तर आजचंच. मासळी उतरवली, तिथून चालत इथे आला, मग गाडी घेतली.

"हात न धुता?"

"घाई होती."

"आणि चावी कुठे होती?"

बाबूने आशालताबाईंकडे पाहिलं. बाई त्याच्यामागे उभ्या होत्या. समारंभासाठी नेसलेली रेशमी साडी, चेहरा मात्र राखेसारखा. चावी टेबलावर होती, असं त्यांनीच सांगितलं. पोराला आता फार छळू नकोस, असंही म्हणाल्या.

विनिता गाडीकडे वळली. पांढरी छोटी गाडी, पुढे लाल अक्षरात शिकाऊ गाडीची पाटी, बॉनेटवर झेंडूचा हार, आणि हाराखाली फुटका लाइट. गाडी शिकवणारे सॅन्टनमास्तर शेजारी खांदे पाडून उभे होते. सकाळच्या मिस्सेला गेलो होतो, चर्चच्या पायऱ्या उतरतानाच ही बातमी कळली, म्हणाले. माणूस मोटारीवर पोटच्या लेकरासारखी माया करणारा. काल संध्याकाळी आतूनबाहेरून गाडी धुऊन पुसून ठेवली होती, हे सांगताना त्यांनी बॉनेटवरून हात फिरवला.

"मास्तर, गाडी कोण कोण चालवतं?"

"पोरं चालवतात, पण मी शेजारी असलो तरच. माझ्या पायाशीही ब्रेक आहे ना, शिकवणीच्या गाडीला असतो तसा. चाव्या दोन. एक माझ्या खिशात, एक बाईंकडे. बाईंनीही याच गाडीवर हात बसवलाय. लायसन्स अजून कच्चं आहे, पण चालवतात बरी."

विनिताने दार उघडलं. स्टिअरिंग स्वच्छ. गिअरचा दांडा स्वच्छ. चालकाच्या सीटवरचा पांढरा टॉवेल परीटघडीचा. तिने नाक लावून वास घेतला. अत्तराचा वास, बस्स. चालकाच्या पायाखालचं रबरी पायपुसणं मात्र जागेवर नव्हतं.

मग तिने डावीकडचं दार उघडलं, आणि बराच वेळ तिथेच बसून राहिली.

उठली ती अंगणाच्या मागल्या बाजूला गेली. तिथे भिंतीवर एक रबरी पायपुसणं ओलंच टाकलेलं होतं आणि एक मांजर ते चवीचवीने चाटत होतं. मांजराला साक्षीदार म्हणून पिंजऱ्यात उभं करता येत नाही, नाहीतर पुढचं सगळं बोलणं वाचलं असतं.

ऑफिसात कंपनीचे अधिकारी श्रीरंग कारखानीस बसले होते. टायसकट पूर्ण पोशाख, आणि पायात मोरीतल्या रबरी स्लिपर. विनिताची नजर तिथेच अडकली.

"बूट कुठे आहेत तुमचे?"

कारखानीस संकोचले. बॅचमधल्या संकेतकडे बूट नव्हते आणि साहेबांपुढे चपलांनी कसं जायचं म्हणून तो रडकुंडीला आला होता. म्हणून आपले दिले, म्हणाले. विनिता पलीकडच्या हॉलच्या दाराशी जाऊन आली. इस्त्रीच्या शर्टातली पोरं ओळीत बसली होती, आणि त्यातल्या एकाच्या पायात दोन माप मोठे, चकचकीत बूट होते. त्यांवर जवळ्याचं एकही टरफल नव्हतं.

"रात्री मुक्काम इथेच होता ना तुमचा? सकाळी गाडी तुम्ही नेली होती?"

"मी?" कारखानीसांनी इकडेतिकडे पाहिलं आणि आवाज खाली आणला. "मॅडम, ऑफिसात सांगू नका. मला गाडी चालवता येत नाही."

गाड्यांच्या कंपनीचा साहेब, आणि गाडी येत नाही. नाव सोनूबाई, हाती कथलाचा वाळा. एरवी विनिता हसली असती.

"सकाळी तुम्ही कुणाशी काय बोललात, तेवढं सांगा."

त्यांनी सांगितलं. उजाडायच्या आधी त्यांना बाबू बोटीवर गेल्याचं संकेतकडून कळलं, आणि त्यांनी बाईंना उठवलं. फ्लेक्सवरचा मुलगाच हजर नसेल तर साहेब काय म्हणतील, पुढच्या बॅचचं काय होईल, असं ते बोलले होते. बाई म्हणाल्या होत्या, मी बघते.

विनिताने सगळ्यांना ऑफिसात बोलावलं आणि दार लावून घेतलं. आशालताबाई खुर्चीत, बाबू भिंतीला टेकून, सॅन्टनमास्तर आणि कारखानीस उभेच.

"बाबू खोटं बोलतोय," ती म्हणाली. "आणि त्याला खोटं नीट बोलताही येत नाही."

मग ती एकेक गोष्ट सांगत गेली. बंदरातला पोरगा जवळ्यावरून गाडी घालत नाही. ऊन डोळ्यांवर आलं तरी जवळा कुठे पसरलेला असतो ते त्याला झोपेतही ठाऊक असतं. पण घाईघाईत तेही झालं असं म्हणू. बोटीवरून येऊन, हात न धुता त्याने गाडी घेतली, असं तोच म्हणतो. मग स्टिअरिंगला एक खवला नको? टॉवेलला वास नको? काल मास्तरांनी धुतलेल्या गाडीत आज खवले सापडतात, पण ते सगळे डावीकडे. डाव्या दाराच्या कडीवर, डाव्या सीटवर. म्हणजे बाबू गाडीत होता, पण चालवत नव्हता. त्याला कुणीतरी जेटीवरून घेऊन निघालं होतं.

"पुसलं आसंल मी," बाबू पुटपुटला.

"उजवीकडचं पुसलंस आणि डावीकडचं ठेवलंस? पायपुसणं कुणी धुतलं?"

"मी."

"पायपुसणं घासून धुतलंस आणि त्याच पाण्यात हात बुडवायचं सुचलं नाही तुला?"

बाबूने दोन्ही हात पाठीमागे लपवले.

विनिता पुढे म्हणाली की चालवणारं माणूस त्या जागी खाली उतरलं होतं. जवळ्यात पाय भरले. ते गाडीत आलं आणि पायपुसण्यावर लागलं, म्हणून ते धुवावं लागलं. मास्तर मिस्सेला होते, सगळ्या गावाने त्यांना पाहिलंय. कारखानीसांना गाडी येत नाही. दुसरी चावी एकाच माणसाकडे असते. बाबूला आणायला जाण्याची घाईही एकाच माणसाला होती. जाताना अंधार होता, रस्ता मोकळा होता. बोट लागून परत येईपर्यंत बायकांनी जवळा पसरला आणि समोरून ऊन आलं.

"बाई," विनिता त्यांच्या खुर्चीपुढे आली. शाळकरी असल्यापासून ती या बाईंना बघत आली होती. "बाई, तुम्ही उतरून बघितलंत ना तिला?"

आशालताबाईंनी मान खाली घातली. आता त्या ओरडतील, नाकारतील, असं कारखानीसांना वाटलं असावं, पण त्या अगदी शांतपणे बोलल्या.

"मला वाटलं, गेली ती. माझं लायसन्स कच्चं. कंपनीला कळलं असतं तर आजच्या आज सगळं बंद झालं असतं. बारा घरं होती गं माझ्या डोळ्यांपुढे. बाबूला म्हटलं, तू लहान आहेस, तुला कोर्ट सांभाळून घेईल, मी मोठा वकील देईन. मी माझ्यासाठी नाही केलं, विनिता."

"ती पाणी मागत होती, बाई."

बाईंनी रेशमी पदर तोंडात कोंबला आणि त्या हलायला लागल्या. विनिताला त्यांची दया आली, आणि दया आल्याचा रागही आला. आयुष्यभर पोरांना उभं करणाऱ्या बाईने एका पोराला असं आडवं पाडावं. कुंपणानेच शेत खाल्लं तर दाद कुणाकडे मागायची?

ती बाबूजवळ गेली. "सुटलास तू. जबाब बदल. खरं सांग."

"खरंच सांगतो ना," बाबू म्हणाला. "मी मारली."

"अरे, पण तू चालवत नव्हतास."

"तुमी डावीकडं बसून बघितलंत. खाली नाय बघितलं?"

विनिताने बघितलं होतं. ते तिने मुद्दामच सांगितलं नव्हतं. डावीकडच्या ब्रेकवर खवले होते, अनवाणी पाय जोरात दाबल्यावर चिकटतात तसे. रस्त्यावरचे ते दोन काळे पट्टे बाईंचे नव्हते.

"मना मावशी आधीच दिसली होती," बाबू म्हणाला. "ब्रेक माझ्या पन पायाखाली होता. पन मास्तर सांगतात, तो शिकवनाऱ्याचा ब्रेक, पोरांनी त्याला पाय लावायचा नाय. आनि गाडी बाई चालवत होत्या. बाईंच्या मधी मी कसा पाय घालू? मी बगत राहिलो. मग दाबला. तवर झालं होतं." तो आपल्या पायाकडे बघत होता. "लहानपनी तिनंच भरवलंय मना. मी उतरून तिच्याकडं जात होतो, बाई म्हनाल्या, बस. मी बसलो."

सॅन्टनमास्तरांनी तोंड भिंतीकडे फिरवलं.

कारखानीसांचा फोन वाजला. ते बाहेर गेले, आले, आणि कुणाच्याच डोळ्याला डोळा न भिडवता म्हणाले की साहेब अर्ध्या वाटेतून परत फिरलेत. कार्यक्रम तूर्त स्थगित आहे. पत्रं वरिष्ठांच्या पुढच्या सूचनेपर्यंत द्यायची नाहीत. गाडीही कंपनी परत नेईल. ते हे सगळं इतक्या सभ्य शब्दांत बोलले की ऐकणाऱ्याला राग कुठे ठेवावा तेच कळेना. पुढची सूचना कधीच येत नसते, हे तिथल्या प्रत्येकाला ठाऊक होतं.

विनितासोबत आलेली महिला शिपाई आशालताबाईंना जीपकडे घेऊन गेली. फाटकातून जाताना बाईंनी फ्लेक्सकडे वर पाहिलंसुद्धा नाही.

"बंदरावर जाशील ना?" विनिताने बाबूला विचारलं.

"कुठल्या तोंडानं जाऊ? आता समद्यांना कळंल, मी गाडीत होतो." मग त्याने हॉलच्या बंद दाराकडे मान वळवली. "मॅडम, तुमी खरं शोधलंत. आता त्या पोरांना सांगायला कोन जाईल?"

कारखानीस फोनमध्ये डोकं घालून बसले. मास्तर भिंतीकडेच बघत होते. तेव्हा विनिताच पुढे झाली. पोराला मार्गाला लावायला तीच त्याला इथे घेऊन आली होती. तिने टोपी काखेत धरली आणि हॉलचं दार उघडलं.

आतली पोरं खाडकन उभी राहिली. शिकवलं होतं तशी ताठ, हात बाजूला, चेहऱ्यावर हसू. संकेतच्या पायातले मोठे बूट टाइल्सवर वाजले. पाहुणे आले असं समजून सगळे एका सुरात म्हणाले, "गुड मॉर्निंग, मॅडम."

विनिताने त्यांना खाली बसायला सांगितलं.