सातव्या टाकीची मेणबत्ती

पटायचं नसेल तर सोडून द्या. पण हे घडलंय.

फ्रान्समधल्या मेदोकमध्ये, शातो कोर्बेनाक नावाच्या वाइनच्या मळ्यावर, तिथल्या टाकीघरात, ऑक्टोबरातल्या एका गुरुवारी. रात्री-बित्री नाही. भर दुपारी, पाऊण वाजता.

घडलं ते सोलेन बारादाच्या बाबतीत. सोलेन खोटं बोलणारी बाई नाही. चिडकी आहे, हे खरं.

चिडायला तिला कारण होतं.

ती नऊ वर्षांची असताना याच टाकीघरात तिचे वडील गेले. सात नंबरच्या टाकीत. वाइन काढून घेतली की टाकीच्या तळाला द्राक्षांचा चोथा उरतो. तो फावड्यानं उपसायला माणूस आत शिरतो. पण त्या चोथ्यातून जीवघेणा वायू निघत असतो. त्याला ना रंग, ना वास. म्हणून आधी पेटती मेणबत्ती आत सरकवायची. विझली, तर आत पाऊल टाकायचं नाही. हे तिथल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं.

आणि शातोनं काय लिहून ठेवलं? ‘रेमों बारादा मेणबत्ती न लावताच आत गेला. निष्काळजीपणा.’

टाकीघराच्या तुळईवर तिथे राबलेल्या सगळ्यांची नावं कोरली आहेत. शंभर वर्षांची. फक्त रेमोंचं नाही. सोलेन स्वतः तिथेच कामाला लागली. चोवीस वर्षांनंतरही त्या तुळईखालून जाताना तिचे दात आवळले जायचे.

त्या गुरुवारी बाकीचे जेवायला गेले होते. टाकीघरात तिघंच. सोलेन, म्हातारे फेर्दिनाँकाका, आणि धाकटे मालक एमरिक.

“तीनला पॅरिसचे पाहुणे येतायत,” मालक म्हणाले. “सात नंबर उपसून हवीये. त्यांना काय चोथा दाखवू?”

“आधी मेणबत्ती, मालक.”

“मग हे वायू मोजायचं यंत्र काय शोभेला आणलंय? बघ, आकडा अगदी झकास. मेणबत्त्या तुम्ही चर्चमध्ये लावा.”

सोलेननं तरीही काडी ओढली. टाकीचं खालचं लहानसं दार उघडलं. मेणबत्ती अजून तिच्या हातातच होती. दारापासून चांगली हातभर लांब.

पंखे बंद. खिडक्या बंद. कुठे पान हलत नव्हतं.

आणि...

फू.

ज्योत वाकली.

फू.

फूऽऽऽ...

विझली.

“वारा असेल,” मालक म्हणाले.

हे ऐकलं मात्र, फेर्दिनाँकाकांच्या हातातली बादली खाली पडली.

सोलेननं पुन्हा पेटवली.

फू. फू... फूऽऽऽ.

तिच्या मानेवर काटा आला. दोन लहान, एक लांब. लहानपणी तिचं लसणाचं सूप बाबा असंच निववायचे. दोन लहान फुंकरा, एक लांब. मग “घे, राणी” म्हणायचे. स्वतःच्या वाडग्यात तळाशी उरलेल्या सुपात लाल वाइन ओतायचे आणि वाडगा दोन्ही हातांनी तोंडाला लावायचे.

टाकीघरात वाइनच्या वासापुढे दुसरा वास टिकत नाही.

पण त्या क्षणी तिथे... लसणाचा वास होता.

“मी आत जाणार नाही,” सोलेन म्हणाली.

मालक हसले. “वा! बाप न बघता घुसला, आणि लेक बघून बघून घाबरतेय. तुमच्या घराण्याची कमालच आहे!”

सोलेनची मूठ फावड्यावर घट्ट झाली. पण तिच्याआधी बोलले ते फेर्दिनाँकाका.

“तोंड सांभाळा, मालक.” त्यांनी पडलेली बादली पायानं बाजूला सारली. “रेमोंनं मेणबत्ती लावली होती. माझ्यासमोर. दोनदा विझली. तुमचे वडील इथेच उभे होते. म्हणाले, ‘वारा असेल. आत शिरतोस, की कायमचा घरी जातोस?’ नंतर ती मेणबत्ती त्यांनी मला खिशात घालायला लावली.”

सोलेन वळली.

“काका... माझ्या लग्नात नाचलात तुम्ही. माझ्या मायलिसला मांडीवर खेळवलंत. आणि हे पोटात ठेवून?”

“भ्यालो, पोरी.”

“आई तो एक शब्द ऐकत ऐकत मेली, काका! निष्काळजी! निष्काळजी!”

“पुरे झालं!” मालक ओरडले. “वायू नाही न् काही नाही. हा बघा, मीच दाखवतो.”

ते वाकले. डोकं दारापाशी नेलं.

आतून आवाज आला.

ठक.

सिमेंटवर फावडं आपटल्यासारखा.

ठक... ठक...

“आत कोण आहे?” मालकांनी विचारलं.

त्यांच्या कपाळावरचे केस एकदम मागे उडाले. एकदा. दोनदा. आणि मग बराच वेळ.

ते मागच्या मागे जमिनीवर बसले. चेहरा चुन्यासारखा पांढरा.

काकांनी कचेरीतून दुसरं यंत्र आणलं. दारातून आत धरताच ते किंचाळायला लागलं. पहिल्या यंत्रावरचा आकडा सकाळचा होता. तो तिथेच अडकून बसला होता.

सोलेन आत गेली असती तर? घरी तिची चार वर्षांची पोर वाट बघत होती.

“तुळईवर बाबांचं नाव कोरा,” ती म्हणाली. “आजच्या आज.”

“वकिलांशी बोलून सांगतो,” मालक खालूनच म्हणाले.

अजून बोलतायत.

पण त्या दिवसापासून शातोत एकही मेणबत्ती टिकत नाही. पाहुण्यांच्या टेबलावरची नाही, तळघरातली नाही. हल्ली तिथे विजेचे दिवे लावलेत, मेणबत्तीच्या आकाराचे. “बरं झालं,” सोलेन म्हणते. “बसा आता.”

गोष्ट इथे संपली असती.

फेब्रुवारीत मायलिसचा पाचवा वाढदिवस होता. सोलेनच्या घरी, स्वयंपाकघरात. केकवर पाच मेणबत्त्या. पोरीनं गाल फुगवले, आणि ती फुंकणार तेवढ्यात...

फू. फू.

फूऽऽऽ.

पाचही विझल्या.

“आई, मी नाही फुंकलं!” मायलिस रडवेली झाली.

सोलेननं केक तिथेच टाकला, पोरीला उचललं आणि अंगणात पळाली. थंडीत, अनवाणी. नंतर गॅसवाला आला. शेगडी, नळी, धुराडं, सगळं तपासलं.

“काही नाही, ताई. वारा असेल,” तो म्हणाला.

सोलेननं त्या घराला त्याच दिवशी कुलूप घातलं. पोरीला घेऊन ती आता नणंदेकडे राहते. नवरा हसतो, शेजारी हसतात. घर अजून धडधाकट उभं आहे. त्यात काय होतं, ते आजवर कुणालाच कळलेलं नाही.

“परत कधी जाणार?” असं कुणी विचारलं की ती भडकते.

“बाबांनी दोनदा विझलेली पाहिली आणि दुसऱ्याचं ऐकलं,” ती म्हणते. “मी नाही ऐकणार.”