मधोमध तुटणारी लोकर

परत आलेलं खोकं धाकट्या भावानं स्वयंपाकघरातल्या टेबलावर उपडं केलं आणि ताईनं लगेच ओळखलं. करड्या मेंढीची लोकर होती ती... तिनं स्वतः कातरलेली, जमिनीवर पसरून कडेची मळकी लोकर वेगळी काढलेली, तान्ह्या बाळाला गुंडाळावं तशी हलक्या हातानं गुंडाळून पाठवलेली!

मागवणाऱ्या बाई घरी चरख्यावर सूत कातायच्या. त्यांनी कळवलं होतं की लोकर दिसायला सुरेख आहे, पण कातायला घेतली की तुटते, आणि प्रत्येक बट मधोमध, त्याच जागी. दुकानाच्या पानावरही त्यांनी सगळ्यांना दिसेल असं तेच लिहिलं होतं.

हे ऑनलाइन दुकान धाकट्यानंच उभं केलेलं. पूर्वी व्यापारी यायचा आणि सगळ्या मेंढ्यांची लोकर एकाच पोत्यात कोंबून न्यायचा. शहरातली नोकरी सांभाळून धाकट्यानं एकेका मेंढीचे फोटो काढले, प्रत्येकीचा स्वभाव लिहिला. ‘ही फाटक उघडं दिसलं की पसार होते,’ असं करडीच्या फोटोखाली लिहिलं, तर सूत कातणाऱ्या एक आजीबाई दर आठवड्याला विचारू लागल्या, पळाली का हो परत? ताई हसायची, पण मनात एकच घोकायची, हे चाललं तर मेंढ्या राहतील, आणि मेंढ्या राहिल्या तर बाबाही इथंच राहतील.

धाकटा चिडला की आवाज चढवत नसे, उलट ऑफिसातल्यासारखा सावकाश बोले.

“मी वाचलंय ताई. मेंढी उपाशी राहिली की तेवढ्या दिवसांतला केस बारीक वाढतो आणि लोकर नेमकी तिथंच तुटते. ही ऐन थंडीत उपाशी होती. तू आमच्याकडे होतीस तेव्हा बाबांकडून तर काही...”

“बाबांचा काय संबंध?” ताई घाईनं म्हणाली. “आल्यावर मीच कंटाळा केला. थकले होते.”

हात स्वस्थ बसेनात. पुसलेली शेगडी तिनं पुन्हा पुसायला घेतली.

थंडीत ती याच भावाच्या घरी, त्याच्या बायकोचं बाळंतपण करायला गेली होती. परतली तर मेंढ्या गोठ्याच्या दाराशी ओरडत होत्या, गव्हाण कोरडी पडली होती, खुराकाच्या पोत्यांची तोंडं शिवलेलीच होती. आणि बाबा मोठ्या समाधानानं सांगत होते की सगळ्यांना घालून झालंय. त्या दिवसापासून ती सावलीसारखी त्यांच्या मागं फिरत होती. ते गोठ्यातून बाहेर आले की काहीतरी निमित्त काढून आत जायची, पाहायची, राहिलेलं गुपचूप घालायची. कोणाला सांगणार? बाबांचं विसरणं वाढलं तर त्यांना फ्लॅटवर न्यायचं आणि मेंढ्या विकून टाकायच्या, असं धाकटा पूर्वीच बोलून बसला होता. बंद दाराच्या त्या फ्लॅटमध्ये या खोलीतून त्या खोलीत काहीतरी शोधत हिंडणारे बाबा तिच्या डोळ्यांपुढून हलत नव्हते...

“तुझा यांच्यावर जीव आहे, असं मी जगाला लिहून बसलोय,” धाकटा म्हणाला. “तोंडघशी पाडलंस. बंद करतो मी दुकान.”

बाबा केव्हा आत आले ते दोघांनाही कळलं नाही. त्यांनी टेबलावरची एक बट उचलली, दोन्ही हातांत ताणून कानाशी धरली आणि झटका दिला. भक्कम लोकर तारेसारखी वाजते, कमजोर कुरकुरते, हे त्यांनीच दोघांना लहानपणी मांडीवर घेऊन शिकवलं होतं. बट कुरकुरली. त्यांनी दुसरी घेतली. मग तिसरी.

“ही माझ्या हातची ना गं?”

“नाही बाबा, माझ्या.”

“तू आणि मेंढी उपाशी ठेवशील?” ते खुर्चीवर बसले. “मला अजून आठवतंय, मी घातलं होतं. रोज. स्पष्ट आठवतंय बघ...” त्यांचा हात लोकरीवर फिरत राहिला. मग ते मुलाकडे वळले. “मला ने तू. पण या पोरींना विकू नको.”

आता धाकट्याला उलगडलं. हे झालं तेव्हा ताई त्याच्याच तान्ह्या मुलीला मांडीवर घेऊन त्याच्याच घरात बसली होती, आणि आत्ता तो तिला काय काय बोलला!

“ताई...” तो म्हणाला. तिनं त्याच्या पाठीवर हात ठेवला. मग तो बाबांना म्हणाला, “कोणी कुठं जायचं नाही. दर शनिवारी मीच येतो इकडे, बायकोमुलीला घेऊन. त्या बाईंना खरं काय ते कळवतो. ही लोकर उशांत भरू.”

बाबांनी मान हलवली. जरा वेळ ते खिडकीबाहेर बघत राहिले, आणि एकाएकी लगबगीनं उठले.

“अरे, मेंढ्यांना घालायचं राहिलं!”

सकाळचं ताईनं घातलं होतं. तिनं पदर सावरला, पण त्याआधी धाकटा उठला होता.

“चला बाबा, मी येतो.”

“खुराक पुन्हा नको, नुसता चाराच घाल रे थोडा,” ती मागून हळूच म्हणाली.

त्यानं न वळता मान डोलावली आणि बाबांचा हात धरला. ताई दारापर्यंत गेली, तिथंच थांबली. मग परत येऊन खुर्चीत बसली आणि तोंडाला पदर लावून मनसोक्त रडली.