कानातली घरघर

यातलं एक अक्षरही बनवलेलं नाही. जिच्यासोबत हे घडलं ती माझी रखमीमावशी अजून शहापूरजवळच्या शेणव्यात राहते.

साल २००३. श्रावणातली भर दुपार.

भातगिरणीत वीस वर्षं काम करून मावशीचे कान गेले होते. शहापूरच्या शिबिरात तिला कानाचं मशीन मिळालं. पण त्यातून माणसाचं बोलणं कळायचंच नाही. नुसता गलका. उलट भांडी, पंखा, कुणाचे भुरके... सगळं दसपट मोठं.

आणि त्यात सावळी.

सावळी तिची जाऊ. अंथरुणाला खिळलेली. घशात कायम कफ. मशीन लावलं की तो कफ आपल्याच कानात शिजतोय, असं मावशीला वाटायचं.

घर्रर्र... घर्रर्र...

तिला उमासे यायचे. म्हणून जेवताना ती मशीन काढून ठेवायची.

त्या दुपारीही काढलं. निवांत जेवली. हात धुऊन वळली, तर...

सावळी गेली होती.

तोंड उघडं. हात मावशीच्या दिशेने पसरलेला. हनुवटीवरून कफाची पिवळी तार लोंबत होती.

तिने हाका मारल्या असतील. किती, कोण जाणे.

बाराव्यानंतर मावशीने पुन्हा मशीन लावलं. पहिलाच घास...

घर्रर्र...

"अनिल, कोण हाय रे तिथं?"

"कोणी नाय गो आये," मुलगा ओरडून म्हणाला, हातही हलवले.

तिने सेल बदलला. दुसऱ्या दिवशी आवाज ताटाजवळ आला. तिसऱ्या दिवशी... थेट कानात. ज्या मशीनमधून कुणाचा एक शब्द धड कळला नव्हता, त्यातून स्वच्छ ऐकू आलं.

"रखमे... थुकायचंय गो. भांडं दे."

मावशीने मशीन उपसलं. कानात बसवायचा तुकडा ओला होता. चिकट. बोटाला तार आली.

ती ताटातच ओकली.

अनिलने मशीन धुऊन-पुसून शहापूरला नेलं. दुरुस्तीवाल्याने मशीनला आवाज तपासायची नळी जोडली आणि हसतहसत स्वतःच्या कानाला लावली.

हसू गेलं...

नळी फेकून तो बेसिनकडे धावला. साबणाने कान चोळत राहिला.

"काय ऐकलंत?" अनिलने विचारलं.

"मशीन चांगलं आहे. घेऊन जा. आत्ताच्या आत्ता!"

हे लिहितानाही माझं तोंड कडवट झालंय. अनिल पुढचं सांगतो ते दुसरीकडे बघूनच.

"दुकानाचा जिना उतरून मी वर बघितलं रे. तो खिडकीत उभा होता... थुकत होता. थांबतच नव्हता."