मातीचा कुत्रा कोणी हलवला?

"हलू नकोस! श्वाससुद्धा घेऊ नकोस!" आ-युन ओरडली.

"मी कुठे हललो? कुत्रा हलला असेल," को-हंग म्हणाला आणि तिथेच फरशीवर आडवा झाला. "आ-युन, मी दमलो. लोक सुट्टीत आराम करतात गं! आपण काय करतोय?"

"सिनेमा!" तौ-तौ म्हणाली. ती को-हंगची धाकटी बहीण. सिनेमातला मातीचा कुत्रा तिनेच बनवला होता. त्याचा एक कान आखूड होता, पण तसं म्हणायची कोणाची टाप नव्हती.

सिनेमा म्हणे! स्टॉप मोशनचा सिनेमा करायचा म्हणजे नुसती हमाली. कुत्र्याचा पाय केसभर पुढे सरकवायचा, फोटो काढायचा, पुन्हा केसभर सरकवायचा, पुन्हा फोटो. अख्खी सकाळ घाम गाळावा, तेव्हा पडद्यावर कुत्रा एक शिंक येईल इतकाच वेळ चालतो. त्यात तैवानमधलं कीलुंग, तेही ऑगस्टमध्ये! बंदरावरून येणारी हवासुद्धा ओल्या फडक्यासारखी अंगाला चिकटत होती. को-हंगच्या तिसऱ्या मजल्यावरच्या खोलीतला पंखाही तिघांइतकाच दमलेला.

शाळेसाठी सुट्टीत काहीतरी स्वतः करून दाखवायचं होतं. सिनेमाची कल्पना आ-युनची, म्हणून शिव्याही तिलाच.

"बरं, इतक्या दिवसांत झालं तेवढं बघू या," ती म्हणाली.

तिघांनी पुस्तकांच्या चळतीवर ठेवलेल्या मोबाइलवर डोकी भिडवली. खिडकीच्या कट्ट्यावर कुत्रा तुरुतुरु चालला. मध्येच चित्र उजळायचं, मध्येच काळवंडायचं. कुत्रा धूसर व्हायचा, पुन्हा स्पष्ट व्हायचा.

"मोबाइल आपल्या मनाने उजेड कमी-जास्त करतोय," आ-युन वैतागून म्हणाली. मग तिचा आवाज एकदम बदलला. "थांबा! कुत्र्याकडे नका बघू. मागे बघा. भिंत!"

खिडकीबाहेर, गल्लीपलीकडे, वरचा रस्ता तोलून धरणारी उंच दगडी भिंत होती. खिडकीतून ती तिरकी दिसायची. सिनेमात कुत्र्याच्या मागे ती भिंत थोडी थोडी पुढे येत होती!

"भूत!" तौ-तौ किंचाळली.

को-हंगने झटकन तिच्या तोंडावर हात ठेवला. "ए बाई! सातवा महिना चाललाय! भाऊमंडळी म्हण, भाऊमंडळी!"

चांद्र पंचांगाच्या या सातव्या महिन्यात मेलेल्यांचे आत्मे मोकळे सुटलेले असतात आणि त्यांना त्यांच्या खऱ्या नावाने हाक मारलेली आवडत नाही, हे कीलुंगमध्ये रांगणाऱ्या पोरालाही माहीत असतं.

आ-युन मात्र हसली नाही. त्या भिंतीला टेकून पत्र्याचं एक छप्पर होतं आणि त्याखाली तिच्या आईची सूपची गाडी. आई पहाटे उठून माशाचे गोळे वळायची. दुपारची गर्दी ओसरली की स्टुलावर बसायची, भिंतीला पाठ टेकायची आणि बसल्याबसल्या झोपायची. रोज, त्याच जागी.

आ-युन जिने उतरून धावली.

"आई, भिंत सरकतेय!"

"सरकू दे," आई मोठ्या पातेल्याचा तळ घासत म्हणाली. "मी या गल्लीत आले त्याच्या आधीपासून ती तिथे आहे. आणि गाडी हलवायची कोणी? हे पातेलं उचलूनच माझी कंबर मोडते. मला घाबरायलासुद्धा ताकद उरलेली नाही गं, बाळा."

गल्लीप्रमुख फू काका तिथेच सूप भुरकत होते. "कशावर दिसलं? मोबाइलवर? पुस्तकांच्या चळतीवर ठेवलेल्या?" ते हसले. "मोबाइल हलला असेल! नाहीतर भाऊमंडळींनी गंमत केली असेल. आणि हे बघ, सातव्या महिन्यात आम्ही एक कुदळ मारत नाही. माती उकरायची नाही, घर हलवायचं नाही. महिना संपला की बघू."

"पण काका, पौर्णिमेला सगळ्या गल्लीची भाऊमंडळींच्या नैवेद्याची टेबलं याच भिंतीखाली लागतात!"

"दर वर्षी लागतात. कधी काही झालंय?" काका म्हणाले आणि त्यांनी वाटी पुढे केली. "अजून थोडं वाढ, ताई."

आ-युनला असा राग आला की डोळ्यांत पाणीच आलं. 'मोबाइल हलला असेल!' हे वाक्य पुन्हा कोणाला म्हणताच येऊ नये, असं काहीतरी करायला हवं होतं.

तिघं जुन्या कॅमेऱ्यांच्या दुकानात गेली. मालकीण, हो मावशी, थंड पाण्याच्या टबात पाय सोडून बसल्या होत्या. त्यांनी बसल्या जागेवरून एक चकचकीत लाल कॅमेरा दाखवला.

"हा घ्या. हा सगळं स्वतःच करतो. हसरा चेहरा ओळखतो आणि आपोआप फोटो काढतो!"

"वा!" को-हंगचे डोळे चमकले.

"आपला कुत्रा मातीचा आहे. तो हसत नाही," आ-युन म्हणाली. "मावशी, स्वतः काहीच न करणारा कॅमेरा आहे का?"

मावशींनी पहिल्यांदाच मान वर केली. "म्हणजे?"

"उजेड मी ठरवीन, फोकस मी ठरवीन. एकदा ठरवलं की त्याने परत डोकं चालवायचं नाही."

"म्हणजे को-हंगसारखा," तौ-तौ म्हणाली.

"गप गं!"

मावशी पाय न पुसताच उठल्या आणि मागच्या फळीवरून विटेएवढा जड, काळा कॅमेरा घेऊन आल्या. लेन्सची कडी हाताने फिरवायची होती. आ-युनने ती फिरवून पाहिली. छान घट्ट होती, आपोआप सरकणारी नव्हती.

"बॅटरी संपली की?" को-हंगने जांभई देत विचारलं. "बदलताना कॅमेरा हलणारच."

आ-युन त्याच्याकडे बघतच राहिली. "तू झोपेत हुशार असतोस का रे?"

मग बॅटरीऐवजी कॅमेरा घरातल्या विजेवर चालवायची वायर आली. बटणाला बोटही लागू नये म्हणून ठरलेल्या वेळाने आपोआप फोटो काढणारी डबी आली. ट्रायपॉड दोन होते. एक हलका, सुबक. दुसरा लोखंडी, उचलताना को-हंग कळवळला.

"हलका घेऊ या ना! जिने कोण चढणार? मीच ना?"

"जो तुला उचलवत नाही, तो वाऱ्यानेही हलणार नाही," आ-युन म्हणाली. "हाच!"

"सुट्टी संपेपर्यंत वापरा," मावशी म्हणाल्या. "त्याबदल्यात रोज दुकान झाडायचं."

"अजून काम!" को-हंगने भिंतीवर डोकं टेकलं.

को-हंगच्या खिडकीपाशी ट्रायपॉड उभा करून त्याला तांदळाची पिशवी टांगली. पायांभोवती खडूने खुणा केल्या. आता सिनेमा स्टॉप मोशनचा नव्हता, टाइम लॅप्सचा होता. कोणी काही हलवायचं नाही. कॅमेऱ्याने दर थोड्या मिनिटांनी एक फोटो काढायचा, दिवसामागून दिवस.

"तरी काका म्हणतीलच, कॅमेरा हलला," को-हंग म्हणाला.

"म्हणून तो खांब चित्रात घेतलाय." आ-युनने गल्लीतल्या विजेच्या खांबाकडे बोट दाखवलं. "तो खडकात रोवलाय. कॅमेरा हलला तर खांबही हललेला दिसेल. खांब जागेवर आणि भिंत पुढे, असं दिसलं तर?"

"आणि माझा कुत्रा?" तौ-तौने विचारलं.

मातीच्या कुत्र्यालाही काम मिळालं. तौ-तौने शिडीवर चढून भिंतीच्या पुढे आलेल्या एका दगडावर त्याला बसवलं.

मग फक्त वाट बघणं. काही करण्यापेक्षा काहीच न करणं किती दमवतं, ते तिघांना तेव्हा कळलं! को-हंगच्या आईला खोली झाडायची बंदी होती. खोलीत जोरात चालायचं नाही, उड्या मारायच्या नाहीत. दुकान मात्र झाडायचं. "मला शाळा सुरू व्हायला हवी आहे," को-हंग एकदा म्हणाला आणि स्वतःच दचकला.

पौर्णिमेच्या आदल्या दिवशी त्यांनी फोटो जोडले.

गल्लीतली माणसं मुंग्यांसारखी पळाली. सावल्या सरसर आल्या, गेल्या. खांब ताठ, जिथल्या तिथे. रोज दुपारी आई यायची, पाठ टेकायची आणि त्या सगळ्या पळापळीत तेवढी एकटी स्तब्ध राहायची. आणि वर, दगडावर बसलेला कुत्रा हळूहळू खांबाकडे निघाला होता!

"खांबाकडे चाललाय! अस्सल कुत्रा आहे!" को-हंग खो खो हसला. हसता हसता थांबला. कुत्र्याला कोणीच हात लावला नव्हता.

ते धावत फू काकांकडे गेले. काका टेबलं मोजत होते. "नंतर, नंतर! माझे डोळे दुखतात. उद्या एवढं मोठं काम आहे, दिसत नाही का?"

तिघं मंदिराच्या पायरीवर बसली. आ-युनच्या अंगात उभं राहायचंही त्राण नव्हतं. समोर अंगणात सिनेमावाले काका पांढरा पडदा बांधत होते. दर वर्षीसारखा भाऊमंडळींसाठी सिनेमा होता. पुढची रांग त्यांच्यासाठी रिकामी, मागे माणसं.

को-हंग पायरीवर आडवा होऊन पडद्याकडे बघत होता. "एक सांगू? भाऊमंडळींचा सिनेमा मध्येच बंद करायची हिंमत या गावात कोणाची नाही."

आ-युन ताडकन उठली. "को-हंग! तू झोपेतच राहा बाबा, कायमचा!"

सिनेमावाले काका आईच्या सूपचे भक्त होते. आधी पोरांचा सिनेमा लावायला त्यांनी आढेवेढे घेतले नाहीत.

दिवेलागणीला अंगण भरलं. पडद्यावर नेहमीच्या मारामारीऐवजी गल्ली आली, खांब आला, भिंत आली. "अरे, ही तर आपली गल्ली!" लोक हसले. कुत्रा निघाला तसं हसू विरत गेलं.

"हा काय पोरखेळ!" फू काका उभे राहिले. "बंद करा ते!"

"काका," आ-युन हात जोडून म्हणाली, "पुढच्या रांगेत पाहुणे बसलेत. त्यांचा सिनेमा मध्येच बंद करू?"

काकांनी रिकाम्या खुर्च्यांकडे पाहिलं. सगळ्या अंगणाने पाहिलं. काका मुकाट्याने खाली बसले आणि त्यांना शेवटपर्यंत बघावंच लागलं. खांब हलला नव्हता. भिंत आली होती.

"उद्या पाहुण्यांची ताटं त्याच भिंतीखाली मांडणार का?" तौ-तौने तिच्या बारीक, टोकदार आवाजात विचारलं. "पडली तर पाहुणे कोणावर रागावतील?"

फू काकांनी मानेवरचा घाम पुसला. बराच वेळ पुसला. "माती उकरायची नाही म्हणतात," ते अखेर म्हणाले, "पण टेबलं हलवायची नाहीत असं कोणी म्हणत नाही. सगळी इकडे, मंदिरात आणा. ताईंची गाडीपण आणा. आणि भिंतीखाली कोणी जाऊ नये म्हणून दोर बांधा. उद्या मी इंजिनियरला बोलावतो."

"माझं पातेलं!" आई कुरकुरली. या वेळी ते चौघांनी मिळून उचललं.

इंजिनियर आले, त्यांनी भिंतीला हात लावला आणि घाईघाईने मागे सरले. गल्लीचं ते टोक बंद झालं. आणि दुसऱ्याच दिवशी भरदुपारी, पाऊस नाही, वारा नाही, असा आवाज झाला की मंदिरातल्या घंटा आपोआप वाजल्या.

धूळ बसल्यावर गल्लीतली सगळी माणसं मोजली गेली. एकालाही खरचटलं नव्हतं.

खोलीतला काळा कॅमेरा आपलं काम करतच होता. संध्याकाळी फू काका, हो मावशी, आई, सगळी तिथे जमली. आ-युनने शेवटचे दोन फोटो लावले. पहिल्यात भिंत होती, पत्र्याचं छप्पर होतं आणि सामान हलवताना राहून गेलेलं आईचं रिकामं स्टूल होतं. दुसऱ्यात नुसते दगड.

आईने पुन्हा पहिला फोटो लावायला सांगितला. स्टुलाकडे बघत राहिली.

"मी रोज या वेळेला तिथे..." ती म्हणाली, आणि तिने आ-युनला इतकं घट्ट जवळ ओढलं की तिला श्वास घेता येईना.

"पोरांनो, मी मोबाइलला हसलो होतो," फू काका खाली बघत म्हणाले. "डोळे माझे दुखत होते, पण बघितलं तुम्ही. शाब्बास! पुढच्या वर्षी भाऊमंडळींचा सिनेमा तुम्हीच करायचा."

"नाही!" को-हंग कळवळून ओरडला. सगळे हसले.

"माझा कुत्रा दगडांखाली गेला," तौ-तौ म्हणाली.

"मी नवा बनवून देते," आई म्हणाली. "गोळे वळून वळून हात बसलाय माझा." तिने मातीचा गोळा घेतला, कॅमेऱ्याखाली फरशीवर बसली आणि भिंतीला पाठ टेकली. दोन पाय झाले, शेपूट झाली. एक कान करून झाला आणि दुसरा व्हायच्या आत तिचे डोळे मिटले.

आ-युनने तिच्या हातातला कुत्रा हळूच काढून घेतला. मग ओठांवर बोट ठेवून सगळ्यांना, अगदी फू काकांनाही, चवड्यांवर खोलीबाहेर काढलं.