डावं-उजवं

लुथुली रस्त्यावरच्या नाड्यांच्या गाड्यापाशी काथिनी उभी होती; बुटाची एकेक नाडी चिमटीत धरून आतून पोकळ आहे का ते पाहत होती. पायांत मात्र रबरी चपला.

"चपलेला कुठून ओवणार?" शेजारून कुणीतरी विचारलं.

उंचसा मुलगा, हसू ओठांत दाबलेलं. गळ्यातल्या हेडफोनच्या वायरला जागोजाग चिकटपट्टी.

"वायरीसाठी घेतेय. तुमच्यासारखी मलमपट्टी करत बसायला नको," काथिनी म्हणाली. मग सांगून टाकलं, की ती हेडफोनच्या केबली घरीच बनवते, वरून नाडीचं आवरण घालते. आणि जरा जास्तच बोलून गेली, "माझी केबल तुमच्या नातवंडांना पुरेल."

"आधी लग्न तर होऊ द्या..."

तिचे कान गरम झाले.

त्याचं नाव ओडेरो. चर्चच्या गायनवृंदाचं ध्वनिमुद्रण तो करायचा. काथिनीने त्याच्यासाठी डाळिंबी नाडी निवडली, उमोजा वस्तीतल्या बहिणीच्या घरी स्वयंपाकाच्या टेबलावर बसून बारीक तारांना डाग दिले आणि केबल नेऊन दिली. ओडेरोने ती लावून डोळे मिटले, क्षणभर थांबला, मग हसला. त्या दिवसापासून तो तिला 'फुंडी' म्हणू लागला. त्यांच्या भाषेत कारागिराला फुंडी म्हणतात, पण त्याच्या तोंडून ते काही वेगळंच ऐकू यायचं. चहा आणि तळलेल्या गोडसर, गरम मंदाझींवर भेटी वाढत गेल्या. तुम्हीचं तू कधी झालं, दोघांनाही कळलं नाही.

एका शनिवारी त्याने तिला गायनवृंदाच्या तालमीला बोलावलं. ती मागच्या दाराने आली आणि तिथेच थबकली. ओडेरो पाठमोरा बसला होता, आणि डाळिंबी नाडी त्याच्या उजव्या खांद्यावरून लोंबत होती. त्या हेडफोनला वायर डाव्या कानाशी लागते. म्हणजे त्याने हेडफोन उलटे घातले होते.

चेष्टा करायला ती पुढे झाली... आणि तिला आपण जोडलेल्या तारा आठवल्या. लाल तार उजव्या कानाची. आपण ती डावीकडे जोडली. दोन्ही कानांत आवाज आला, म्हणून पुढे तपासलंच नाही. आपली चूक हा डोक्यावर उलटी घालून बसलाय, आणि वर सगळ्यांसमोर आपल्याला फुंडी म्हणतोय. धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं तिला झालं. ती तशीच माघारी वळली.

फाटकापाशी ओडेरोने तिला गाठलं.

"कधीपासून माहीत होतं?" तिने मान वर न करता विचारलं.

"पहिल्या गाण्यापासून."

"आणि फुंडी फुंडी करत राहिलास. मनात हसत असशील."

"हसलो नाही गं. तू इतकी खूश होतीस... म्हटलं, डोकं माझंच आहे. उलटं घातलं तर कुणाचं काय जातं?"

त्या चांगुलपणाने तर तिला आणखीच मेल्याहून मेल्यासारखं झालं. "मला दया नको, ओडेरो. चूक दिसली की तोंडावर सांगायची. शपथ घे."

त्याने घेतली. "दया नव्हती ती," असंही हळूच म्हणाला, पण तिने न ऐकल्यासारखं केलं.

रविवारी दुपारी तो उमोजाला आला. बहीण चहाची किटली ठेवून कपडे वाळत घालायला गेली. काथिनीने जुने डाग सोडवले, तारांची अदलाबदल केली. त्याचं कोपर अगदी जवळ होतं. तरी या वेळी तिने एकेक कान तपासला. डावं डावीकडे, उजवं उजवीकडे. तिने सुटकेचा श्वास सोडला आणि पिन उचलली.

पिन उघडीच होती. डाग देण्याआधी वायरीवर चढवायचं पिनेचं धातूचं टोपण ओडेरोच्या कपाशेजारी पडलं होतं. आता सगळं पुन्हा सोडवायला हवं. तिचा चेहरा शरमेने पेटला. तिने वर पाहिलं, तर तो खिडकीबाहेर बघत होता.

"तुला दिसलं होतं?"

"...हो."

"कधी?"

"तू डाग द्यायची सळई तापवत होतीस तेव्हाच."

"शपथ घेतली होतीस ना? मग बोलला का नाहीस?"

ओडेरोने टोपण बोटांत फिरवलं. आता खाली पाहायची पाळी त्याची होती.

"बोललो असतो तर काम संपलं असतं, आणि मला निघावं लागलं असतं. काथिनी... मला जायचंच नाहीये."

बाहेर बहिणीने ओला कपडा झटकला. काथिनीने हात पुढे केला. त्याने टोपण तिच्या तळव्यावर ठेवलं. तिने ते क्षणभर मुठीत धरलं आणि परत त्याच्या कपाशेजारी ठेवून दिलं.

"सळई गार होऊ दे," ती म्हणाली. "आधी चहा घे."