न मारलेली हाक

"आक्का, निघते मी..." म्हणत छबूबाई पायाशी वाकली आणि गोजरबाईनं चटका बसावा तसे पाय मागं घेतले. थोरल्या जावेनं धाकटीला आशीर्वाद द्यावा ही रीत. पण या पायांत आज ती लायकी उरली होती काय! छबूबाईनं गाठोडं उचललं. देवाला नारळ फोडायचा आणि तिथूनच सांगवीला, भावाच्या दारात कायमचं जायचं, असं तिनं ठरवलं होतं. ज्या मेंढरांच्या जिवावर ती विधवा बाई ताठ मानेनं जगत होती, ती मेंढरंच उरली नव्हती.

आणि त्याला कारण कोण? गोजरबाईच!

त्या सकाळी समर्थनं, तिच्या लेकानं, बजावलं होतं, "आये, मक्यावर औषध फवारलंय. धाकल्या आयला हाक मारून सांग, मेंढरं तिकडं नगं म्हणावं." पण जावाजावांत अबोला होता. का, तर समर्थनं आपल्या बाळाच्या बारशाला पाळण्याची दोरी आधी छबूबाईच्या हातात दिली! गोजरबाईच्या आजारपणात लहानग्या समर्थला हिनंच तर पोटाशी धरून वाढवलं होतं... पण आईचं काळीज जळायचं ते जळालंच. बांधावरून तिनं कळप मक्याकडं वळताना पाहिला, आणि 'मी का म्हणून आधी बोलू?' असं पुटपुटत ती घरात शिरली. उन्हं उतरेपर्यंत सारी मेंढरं आडवी झाली होती.

दोष कुणाचा हे ठरवायला पंच बसले. बिरोबापुढं गोजरबाईनं शपथेला हळदीचा भंडारा उचलला. "मी सांगितलं व्हतं!" खोटा भंडारा वंशाला बाधतो, हे कळस गावच्या शेंबड्या पोरालाही ठाऊक. आणि तिच्याकडं टक लावून बघत छबूबाई म्हणाली, "व्हय, सांगितलं व्हतं आक्कानं. मीच ध्यान दिलं न्हाय."

का बोलली ती असं? त्या दिवसापासून गोजरबाईच्या घशाखाली घास उतरत नव्हता.

आज बिरोबाच्या देवळापुढं ढोल घुमत होते. पंचांतला म्हातारा तात्याबा कानावर हात ठेवून देवाची कथा गात होता. मध्येच थांबून सांगत होता.

"रानात टाकलेलं लेकरू व्हतं आपला देव! पर मेला न्हाय. परक्या बाईनं पोटाशी धरला, वाढवला. अन् मोठा झाला, तवा रानातल्या गोरगरिबांच्या पाठीशी उभा ऱ्हायला. टाकलेल्याला त्यो कवाच इसरत न्हाय, बाबांनो..."

लहानपणापासून ऐकलेली कथा! पण आज गोजरबाईच्या अंगावर सर्रकन काटा आला. समोर लिंबाखाली गाठोडं घेऊन छबू बसली होती. देव तिच्या शेजारी उभा असणार... आणि आपण? आपण कुठं? नवऱ्याची अब्रू, लेकाची नजर, भावकीतली मान... सगळं पणाला लागणार होतं. 'पर ज्यानं टाकलेल्याला सोडलं न्हाय, त्यो खरं बोलणारीला सोडंल व्हय?' ती उठली आणि थेट ढोलांच्या मध्ये जाऊन उभी राहिली.

"थांबवा रं ढोल! माझा भंडारा खोटा हाय!"

"याड लागलं का तुला?" तिचा नवरा सोनबा ओरडला.

"लागलं व्हतं, आवं! आता उतरलंय! म्या कळप जाताना बघितला... एक हाक मारायची व्हती, तीबी मारली न्हाय!"

समर्थनं तोंड फिरवलं. यापेक्षा त्यानं दगड मारला असता, तर बरं झालं असतं!

गोजरबाई छबूबाईपुढं कोसळली. "तू का गं व्हय म्हणलीस?"

"तुझ्या हातात भंडारा व्हता, आक्का. खोटा पडला असता, तर पाळण्यातल्या लेकराला..."

मेंढरं गेली ती गेली, वर त्याच घराचं लेकरू वाचावं म्हणून हिनं दोष माथ्यावर घेतला! गोजरबाईच्या पोटातून हुंदका फुटला. ती तशीच उठली, बांधावर उभी असल्यासारखा तोंडाशी हात धरला आणि जीव तोडून ओरडली, "छबूऽऽ! मेंढरं मक्याकडं नेऊ नगंसऽऽ! औषध मारलंय गंऽऽ!"

वळवायला एकही मेंढरू उरलं नव्हतं...

समर्थ पुढं झाला. त्यानं धाकट्या आईचं गाठोडं आपल्या खांद्यावर घेतलं, आईकडं मात्र बघितलं नाही. छबूबाईनं पदरानं डोळे पुसले आणि घराच्या वाटेकडं तोंड केलं.

"ऐकलं गं, आक्का..." ती म्हणाली. "वळवते."