एका जागी बसणारा माणूस

नागपूरच्या दृश्यपट प्रयोगशाळेत येणाऱ्या तक्रारी साधारण एकाच वळणाच्या असतात. कोणाच्या पडद्यावर हिरवी रेघ येते, कोणाचे रंग उडतात, कोणाच्या चिरंजिवांनी पडद्यावर चेंडू मारलेला असतो आणि घरातले कोणीच ते कबूल करत नाही. दुरुस्ती विभागाचा प्रमुख फिरोज मुलाणी या सगळ्यांना शांतपणे तोंड देई. पण रेणुका खानविलकर समोर बसून जे सांगत होती, ते त्याने कधी ऐकले नव्हते.

"बाकी सगळं लख्ख दिसतं," ती म्हणाली. "टेबल, कपाट, मागचं कॅलेंडर. फक्त माझे बाबा पुसट होत चाललेत."

रेणुकाकडे जोडभिंत होती. दोन गावांतल्या दोन घरांच्या भिंतींवर खोलीएवढे पडदे बसवायचे आणि ते दिवसभर चालू ठेवायचे. मग नागपूरचे जेवणाचे टेबल जिथे संपते तिथूनच चिपळूणचे टेबल सुरू झाल्यासारखे वाटते. आई गेल्यावर बाबांना एकट्याने जेवावे लागू नये म्हणून तिनेच ती बसवून घेतली होती.

"फोनवर कसे दिसतात?"

"बाबा व्हिडिओवरही फोन कानालाच लावतात. मला त्यांचे केस दिसतात."

फिरोज हसला, पण तिचा चेहरा पाहून लगेच गंभीर झाला.

"भिंतीत दोष असेल तर दुरुस्त करा. नसेल, तर त्यांना काहीतरी झालंय आणि ते लपवताहेत. विचारलं की 'मला काय धाड भरलीय' म्हणतात. रविवारी गाडी पाठवून त्यांना इकडे आणायचं ठरवलंय मी. घराला भाडेकरूही बघितलाय. त्यांना यायचं नाहीये. दोन दिवस माझ्याशी धड बोललेले नाहीत."

फिरोजने शर्वाणी तगारेला बोलावले. भिंतीचे फर्मवेअर, म्हणजे पडद्याच्या पोटात बसून त्याला चालवणारी आज्ञावली, तिनेच लिहिलेली होती. आपल्या आज्ञावलीवर कोणी शंका घेतली की तिला ती स्वतःच्या स्वयंपाकाला नावे ठेवल्यासारखी लागे. पण प्रश्न विचारण्यात ती पक्की होती.

"खुर्ची रिकामी असते तेव्हा तिथे काय दिसतं?"

"काळसर सावली. माणसाच्या आकाराची. मी हे कोणाला सांगितलेलं नाही."

"मग तुमचे वडील ठणठणीत आहेत," शर्वाणी म्हणाली. "आजारी माणूस खुर्चीवर सावली ठेवून जात नाही. हे ठसानिवारणाचं काम आहे."

"म्हणजे?"

"पडद्यावर एकच आकृती फार काळ राहिली, की तिचा ठसा बसतो. चित्र बदललं तरी तो दिसत राहतो. म्हणून भिंत बसवताना आम्ही पलीकडच्या रिकाम्या खोलीचं चित्र तिला देतो. हे खरं, हे कायमचं. त्याखेरीज जे काही महिनोन्महिने एकाच जागी दिसेल तो ठसा समजायचा आणि तेवढा भाग चित्रातून वजा करायचा."

फिरोजच्या लक्षात आले. "माणूस बसलेला असला तर वजाबाकीने फिका होणार. उठून गेला तर रिकाम्या खुर्चीतूनही तीच वजाबाकी होणार आणि तिथे सावली राहणार."

"पण माणूस हलतो की," शर्वाणी पुटपुटली. "आम्ही सहा महिने चाचणी घेतली होती."

"कोणावर?"

"इथल्याच लोकांवर." ती ओशाळली. या प्रयोगशाळेत कोणालाच ठरलेली जागा नव्हती. जो लवकर येई तो खिडकी पकडी.

"बाबांची जागा ठरलेली आहे," रेणुका म्हणाली. "टेबलाचं डावं टोक. तिथे पाहुणा बसला तर त्यांना जेवण जात नाही. पाठ ताठ, डावा हात मांडीवर. लहानपणी आम्ही हललो तरी डोळे वटारायचे."

शर्वाणीने नागपूरच्या भिंतीतला ठशांचा नकाशा मागवला. काळ्याचे पांढरे केले, तशी पडद्यावर बाबांची आकृती उमटली. ताठ पाठ, मांडीवर हात, नजर समोर. उजव्या गालावर मात्र पिवळट उजेड होता.

"हा दिव्याचा नाही," फिरोज म्हणाला. "त्या बाजूला खिडकी आहे का?"

"पश्चिमेची. पण आम्ही जेवतो रात्री. मी घरीच उशिरा येते."

उन्हाचा ठसा बसायचा तर माणसाने रोज ऊन असतानाच तिथे येऊन बसायला हवे. नागपूरच्या रिकाम्या खोलीतली भिंत रोज संध्याकाळी एका म्हाताऱ्याला वाट बघताना पाहत होती आणि नेमून दिल्याप्रमाणे त्याला पुसत होती. रेणुकाला रडू आले. फिरोज पाणी आणायला गेला आणि गरजेपेक्षा जास्त वेळ तिकडेच थांबला.

डोळे पुसून झाल्यावर रेणुकाला दुसरी शंका आली. "चिपळूणलाही हीच भिंत आहे. मग तिकडे मी पुसट का दिसत नाही?"

शर्वाणीने चिपळूणच्या भिंतीचा नकाशा उघडला. तो कोरा होता.

"सांगा ना."

"ठसा बसायला माणसाला एका जागी बराच वेळ बसावं लागतं, मॅडम," फिरोज हळूच म्हणाला.

रेणुका ताट हातात घेऊन, फोनवर बोलत, ओट्यापाशी उभ्याने जेवत असे. बाबांशी गप्पा मारत असे, नाही असे नाही, पण येताजाता.

शर्वाणीने फर्मवेअरला नवा नियम घातला: जे श्वास घेते ते पुसायचे नाही. छातीची हालचाल भिंतीला सहज टिपता येत होती. तसे करावे हे फक्त कोणाला सुचले नव्हते. त्याच संध्याकाळी बाबा रेणुकाच्या भिंतीवर गालावरच्या खुंटांसकट दिसले. तिने गाडी रद्द केली, भाडेकरूला नकार कळवला आणि भिंतीसमोर एक खुर्ची ओढून घेतली. बाबा वाढून घेताना म्हणाले, "भात गार होईल तुझा."

चिपळूणच्या भिंतीत मात्र नवा नियम घालायचा राहून गेला. त्यासाठी तिकडच्या माणसाला भिंतीवरच्या खुणेला बोट लावून संमती द्यावी लागे आणि बाबा ती देत नव्हते. प्रयोगशाळेतून तीन वेळा निरोप गेला. वर्ष होत आले तेव्हा फिरोजने स्वतःच फोन केला.

"काका, आता तुमची मुलगी पुसट दिसत असेल."

"दिसते ना. नाक-डोळे राहिलेत, बाकी धुकं."

"मग बोट लावा. मिनिटाचं काम आहे."

"अहो मुलाणीसाहेब, लख्ख दिसायची तेव्हा दोन घास खाऊन पळायची. आता ती हापिसात असते तेव्हाही खुर्चीत तिची सावली बसलेली असते. मला दिवसभर सोबत होते." पलीकडे भांडे ठेवल्याचा आवाज आला. "तुमची दुरुस्ती राहू दे. ती आणखी किती पुसट होते ते मला बघायचंय."